वाघाचे डोळे ‘गेलेले’ नाहीत

पिंजऱ्यातल्या वाघाचा एक फोटो फिरतोय. डोळे हिरवट-पांढरे चमकतायत आणि खाली मजकूर: ‘फ्लॅश मारून मारून आंधळा केला, शेअर करा.’

एवढ्यावरून वाघ आंधळा ठरत नाही. वाघाच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो, टॅपेटम. अंधुक उजेड तो परत फिरवतो, म्हणून वाघाला रात्री चांगलं दिसतं. फ्लॅशचा उजेडही तसाच लेन्सकडे परततो, की झाले डोळे हिरवे! रात्री गोठ्यात बॅटरी मारा, गायीचे डोळेही असेच लकाकतील. माणसाला आणि माकडाला हा थर नसतो, त्यामुळे आपले डोळे फोटोत लाल येतात. मोतीबिंदू झाला तर बाहुली दुधाळ दिसते, आणि तीही फ्लॅशशिवाय, दिवसाढवळ्या.

म्हणजे फ्लॅश मारायला हरकत नाही, असं मात्र नव्हे. घुबडासारखे निशाचर त्याने दचकतात, आणि बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत त्याला बंदीच असते. शिवाय काचेवर फ्लॅश मारलात तर वाघाऐवजी पांढरा गोळाच येणार. फ्लॅश बंद करा आणि मोबाइल काचेला अगदी टेकवून धरा. काचेवर टकटक नको, एवढी कृपा करा.