‘अलर्ट उशिरा येतो’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. नवतप्याच्या कडक उन्हात दोन दिवस तुम्ही फोन करत होते आणि मी उचलला नाही, ही चूक माझीच. माफ करा. आर्वीकडे जनावरांच्या एका कोठ्यात टिनाखाली वायरिंग सुरू होतं, पण त्याचं तुम्हाला काय!

मात्र ‘म्हशी धापा टाकू लागल्या तेव्हा कुठं पाऊण वाजता अलर्ट आला, ५,८०० रुपये पाण्यात’ असं तुम्ही लिहिलं, त्यावर बोलावंच लागेल. कोठ्यात उकाडा वाढला की मोबाईलवर अलर्ट देणारा जो बॉक्स मी तुमच्याकडे लावला, तो नुसतं तापमान पाहत नाही. तापमान आणि हवेतला दमटपणा मिळून एक आकडा काढतो. दुधाच्या जनावरासाठी मी अलर्ट ७२ वर लावून दिला होता. आता नवतप्यात आपल्याकडे रात्रीसुद्धा पारा २८-३० वर असतो, आकडा ७२ च्या खाली येणार कसा? रात्रभर टुंगटुंग वाजते, घरचे झोपत नाहीत असं तुम्ही म्हणाले, म्हणून ८० केला. मग सकाळीच वाजतो, ८६ करा म्हणाले. तो मेसेज माझ्याजवळ आहे, इथं टाकत नाही. कोरड्या हवेत ८६ म्हणजे ४२ अंशांच्या वर. तो पाऊण वाजताच वाजणार ना भाऊ? मी खोटं बोलून राहिलो असं वाटत असेल तर ॲपमध्ये ‘मागील नोंदी’ उघडा, तारीख-वेळेसकट सगळं आहे.

८६ ला मी तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं, हेही खरं. गिऱ्हाईक नाराज नको म्हणून करून दिलं.

रात्रीचा आवाज वेगळा ठेवता येतो का, ते पाहून राहिलो. काहीतरी करू. पण पाऊस लागायच्या आत तुमची सेटिंग बदलावीच लागते. हवा दमट झाली की ३३ अंशांतही आकडा ८६ पार करतो आणि तुमचे फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार मारणारे नळ, आपोआप सुरू होतील. तेव्हा पाण्याची वाफ होत नाही, कोठा उलट कोंदटतो. त्या दिवसांत पंखेच पाहिजेत.

तुमचा रिव्ह्यू वाचून दोघांनी बुकिंग थांबवलं. स्टार बदला म्हणत नाही. रविवारी सकाळी दहाच्या आत येतो, सेटिंगचे पैसे नाही. निघताना फोन करीन, तेवढा उचला.