मुलींना गणित जमत नाही म्हणे! ग्रुपवरच्या मेसेजला माझं उत्तर

‘टीव्ही समाजाचा आरसा आहे, तो कुणाला घडवत नाही’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे असे: गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा हे निसर्गानंच ठरवलंय, मुलींचा मेंदू भावनांसाठी आणि मुलांचा गणितासाठी बनलाय, मालिका-जाहिराती जे आहे तेच दाखवतात, हल्ली तर पुरुषांचीच टिंगल चालते. आमच्या ग्रुपवर तो काकांनी टाकला आणि खाली लिहिलं, ‘दहावीनंतर पोरींना उगाच सायन्सला ढकलू नका.’ माझी भाची यंदा दहावीला आहे. रात्री तिचा फोन आला, ‘मावशी, खरंच असं राहते का?’ म्हणून हे लिहितेय.

रंगाचं आधी उरकते. १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्याच्या व्यापारातल्या एका मासिकानं नेमका उलटा सल्ला छापला होता: गुलाबी ठसठशीत, तो मुलग्यांना, निळा नाजूक, तो मुलींना. निसर्गाचा नियम असा शंभर वर्षांत उलटत नाही. आणि निळा फक्त पुरुषांचा हे नागपुरात बसून म्हणायचं? दीक्षाभूमीवर निळे झेंडे घेऊन येणाऱ्या बाया कधी पाहिल्याच नाहीत का?

गणिताचा दावा मात्र मी असा सोडणार नाही, कारण त्यानं पोरींचं खरंच नुकसान होतं. दिव्या देशमुख आपल्या नागपूरची. २८ जुलै २०२५ ला बाटुमीत, वयाच्या १९व्या वर्षी, कोनेरू हम्पीला हरवून तिनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. घड्याळ पळत असताना डोक्यात चाली मोजायला कुठला मेंदू लागतो?

‘ती अपवाद’ असं उत्तर येणार, ठाऊक आहे. मग लहान मुलांकडे बघा. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिन बियान आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या मुलांवरचा अभ्यास आला. ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून तो माणूस पुरुष असेल की बाई, असं मुलांना विचारलं. पाच वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच आपल्या बाजूनं बोलत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली मागे सरल्या. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेला खेळही त्यांना नकोसा झाला. पण शाळेत चांगले मार्क कुणाला पडतात, असं विचारल्यावर याच मुली मुलींकडे बोट दाखवत होत्या. म्हणजे मार्क आमचे, हुशारी त्यांची! मेंदूचाच दोष असता तर पाचव्या वर्षी तो कुठं गेला होता?

नागपुरात बर्डीवरच्या बाजारात कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात जा. दुकानदाराचा पहिला प्रश्न, ‘मुलासाठी का मुलीसाठी?’ किचन सेटच्या खोक्यावर मुली, सायन्स किटच्या खोक्यावर चष्मा लावलेला मुलगा. चार वर्षांच्या पोरीला वाचता येत नाही, पण चित्र कळतं.

आता तो आरसा. विदर्भात कापूस वेचतात बाया, भर उन्हात, कमरेला ओटी बांधून. त्या कुठल्या मालिकेत दिसतात? आणि टीव्ही कुणाला घडवत नाही म्हणणाऱ्यांसाठी रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९ चा अभ्यास आहे, तोही आपल्याच देशातला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू अशा राज्यांतल्या ज्या गावांत नव्यानं केबल आली, तिथं नवऱ्यानं मारणं योग्य मानणाऱ्या बायांचं प्रमाण घटलं, ‘मुलगाच हवा’ हा आग्रहही कमी झाला. पडदा मोठ्या बायांचं मत बदलू शकतो, चांगल्या दिशेनंही. मग वाईट दिशेनं बदलत नाही हे कशावरून?

पुरुषांच्या टिंगलीचं थोडं खरं आहे, मान्य करते. पोळी करपवणारा, पोराला आवरू न शकणारा बाप जाहिरातींत सर्रास दिसतो, आणि ते बघून मुलगेही शिकतात की स्वयंपाकघर आपलं नाही. पण यानं मेसेजवाल्यांचं म्हणणं सिद्ध होत नाही, उलट माझंच होतं. बाळाचा लंगोट न जमणारा बाप आणि गाडी लावता न येणारी बाई, ब्रिटनमध्ये २०१९ पासून दोन्ही जाहिरातींना मनाई आहे. आपल्याकडेही भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२२ मध्ये अशा साच्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्यात. तक्रार कुणालाही करता येते. बापाची टिंगल खरोखर खटकत असेल, तर फॉरवर्ड करण्याऐवजी काकांनी तिथं तक्रार करावी. लिहून द्यायला मी बसते सोबत.