आकडा मोठा म्हणजे माउथपीस मोठा नव्हे

ट्रम्पेट शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे, आणि आता तो माझ्या भाचीपर्यंत पोहोचल्यामुळे त्याला उत्तर देणे भाग आहे. संदेशाचा आशय असा: माउथपीस म्हणजे ट्रम्पेटला ओठ लावायचा सुटा तुकडा, आणि त्याच्यावरचा आकडा जितका मोठा तितका तो मोठा; पाश्चात्त्य अभिजात संगीताला सर्वांत मोठाच लागतो; ट्रम्पेटसोबत मिळणारा 7सी (आकडा रुंदीचा, अक्षर खोलीचे) लहान मुलांचा, तो टाकून द्यावा; वरचे स्वर लागत नसतील तर उथळ कप, म्हणजे माउथपीसच्या आतली वाटी उथळ असलेला, घ्यावा; आणि सोन्याचा मुलामा असेल तर स्वर गोड होतो.

पहिला मुद्दा नुसता चुकीचा नाही, तर सरळ उलटा आहे. बाख या माउथपीस बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत आकडा वाढला की कपाचा व्यास कमी होतो. कंपनीच्याच तक्त्यात 1सीचा व्यास 17.00 मिमी, 7सीचा 16.20 आणि 10½सीचा 15.90 दिलेला आहे. म्हणजे या संदेशावर विसंबून ‘मोठा’ म्हणून 10½सी मागवणाऱ्याच्या हाती आधीच्यापेक्षा लहान माउथपीस पडेल, आणि भाची नेमका तोच मागवायला निघाली होती! यामाहाचा हिशेब याच्या विरुद्ध आहे. तेथे 16सी4 हा 11बी4पेक्षा रुंद असतो. अक्षरांचेही तेच. बाखचा ए सर्वांत खोल आणि ई उथळ, तर यामाहाचा ए उथळ आणि ई खोल. त्यातच प्रत्येक उत्पादक व्यास कपाच्या वेगवेगळ्या खोलीवर मोजतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे मिलिमीटर शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. हे तक्ते कोणालाही सहज पाहता येतात, पण संदेश पुढे ढकलण्यापूर्वी तेवढे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत.

‘मोठाच हवा’ यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. वाद्यवृंदातले वादक बहुधा रुंद माउथपीस वापरतात, आणि खुद्द बाख कंपनीचे संस्थापक व्हिन्सेंट बाख यांनी आपल्या माउथपीस-पुस्तिकेत व्यावसायिक वादकाला शक्य तितका मोठा वापरण्याचाच सल्ला दिला आहे. मात्र विद्यार्थ्याला मध्यम आकाराचा सोयीचा ठरू शकतो, असेही तेथेच म्हटले आहे, आणि संदेशकर्त्याने सोयीस्करपणे गाळला तो हाच भाग. शिकागो सिम्फनी वाद्यवृंदाचे ॲडॉल्फ हर्सेथ यांचे नावही संदेशात पुरावा म्हणून दिले आहे. हर्सेथ 1948 साली तेथे मुख्य ट्रम्पेटवादक झाले, ते आधीच्या लहान माउथपीसवर. मोठ्याकडे ते वळले 1952च्या मोटार अपघातात ओठाला इजा झाल्यानंतर. तेव्हा हा पुरावा नेमका कोणाच्या बाजूचा?

उथळ कपाने स्वराला धार येते, वरच्या पट्टीत थोडा दमही वाचतो; पण जो स्वर ओठांना आणि श्वासाला मुळात साधलेला नाही, तो कप आणून देत नाही. उलट फार उथळ कपात थकलेला, सुजलेला ओठ आत तळाला टेकतो आणि आवाज मध्येच बंद पडतो. सोन्याच्या मुलाम्याचे म्हणाल, तर तो ओठांना मऊ लागतो आणि चांदीचा मुलामा न सोसणाऱ्याच्या उपयोगी पडतो. गोडवा त्यातून येत नाही.

आता 7सी. अभिजात रचना, चर्चमधले वादन आणि बँडमधली चित्रपटगीते हे सारे एकाच माउथपीसवर वाजवणाऱ्याला तो खरोखरच अपुरा वाटू लागला, तर 5सी किंवा 3सी पाहावा. 3सीचा व्यास तक्त्यानुसार 16.30, म्हणजे फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. ओठांना जाणवणारा बदल बराचसा रिमच्या, म्हणजे ओठ टेकतात त्या कडेच्या, आकारामुळे असतो. तो दुकानातल्या पाच मिनिटांत कळत नाही, कारण नवा माउथपीस सुरुवातीला बहुधा चांगलाच वाटतो. तासभर रियाज करून ओठ थकल्यावर, स्वतःच्याच ट्रम्पेटवर, स्वरलिपीतल्या पाच रेघांच्या वरचा जी हा स्वर अगदी हळू आवाजात धरून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.