खाणीचा हिशेब पाण्यापासून सुरू व्हावा

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात परिसरातील एका खाण कंपनीचा शाश्वत विकास अहवाल वाचायला मिळाला. गुळगुळीत कागदावर छापलेल्या या अहवालाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर रंगीत चौकोन आहेत आणि त्या चौकोनांत संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी कोणते ना कोणते उद्दिष्ट छापलेले आहे. शाळेला बाके दिली, तेथे उद्दिष्ट ४. आरोग्य शिबिर भरवले, तेथे उद्दिष्ट ३. रोपे लावली, तेथे हवामानाचे १३ आणि जमिनीवरील जीवसृष्टीचे १५. सिंधुदुर्गात तीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे असे कागद मी बारकाईने वाचते आणि हा अहवाल मी दोनदा वाचला. खाणीचा खड्डा आज किती खोल आहे, त्यातून दररोज किती पाणी उपसले जाते आणि ते कोणत्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडले जाते, याविषयी त्यात एकही वाक्य नाही.

कंपनीने केलेल्या मदतीविषयी मला तक्रार नाही. त्या बाकांवर बसणारी मुले माझ्या विद्यार्थ्यांची मुले आहेत. परंतु खाण कंपनीचा जागतिक उद्दिष्टांना हातभार लागतो की नाही, हे तिने खाणीबाहेर काय वाटले यावरून ठरवण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. डोंगर कसा फोडला, पाणी कोठे नेले, माती कोठे टाकली आणि काम संपल्यावर मागे काय ठेवले, यावरूनच ते ठरले पाहिजे.

ही उद्दिष्टे २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी स्वीकारली आणि ती २०३० पर्यंत गाठावयाची आहेत. सतरा चौकोन सर्वांना ठाऊक असतात; त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत, ती फारसे कोणी वाचत नाही. उद्दिष्ट ६ म्हणजे केवळ पिण्याचे शुद्ध पाणी, असा समज आहे. त्यातील लक्ष्य ६.६ मात्र डोंगर, जंगले, पाणथळ जागा, नद्या आणि भूजल यांचे रक्षण करावयास सांगते. लक्ष्य १४.१ जमिनीवरच्या उद्योगांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखण्याविषयी आहे आणि लक्ष्य १२.६ मोठ्या कंपन्यांनी आपल्या अहवालांत शाश्वततेची माहिती द्यावी, असे सांगते. खाणकामाचा या उद्दिष्टांशी काय संबंध येतो, याचा एक सविस्तर आराखडा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक आर्थिक मंच आणि अन्य संस्थांनी २०१६ मध्ये मिळून प्रसिद्ध केला. त्यात खाण कोणत्या उद्दिष्टाला मदत करू शकते याच्याबरोबरीने ती कोठे बाधा आणू शकते हेही मांडलेले आहे. आमच्यापर्यंत येणाऱ्या अहवालांत यातील पहिली बाजूच उतरते.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. याचे कारण आमच्या जमिनीच्या घडणीत आहे. वरचा जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, पडलेले पाणी त्याच्या भोकांतून आणि भेगांतून खाली झिरपते, शेडीच्या चिकट थरावर अडते आणि डोंगराच्या उतारावर किंवा पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. कुळागरांचे, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांचे, पाट याच झऱ्यांवर चालतात आणि पावसाळ्यानंतरची वायंगणी भातशेतीही याच पाण्यावर होते. म्हणजे डोंगर हीच आमची टाकी आहे. लोहखनिज नेमके अशाच डोंगरांच्या पोटात असते. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूचे पाणी त्या खड्ड्याकडे ओढले जाते. काम चालू ठेवण्यासाठी ते पंपाने उपसावे लागते, आणि जे पाणी पुढचे सात-आठ महिने हळूहळू झऱ्यांतून येणार होते, ते काही आठवड्यांत वाहून जाते. उपसलेले पाणी गाळ बसू न देता सोडले, तर खालच्या मळ्यांवर बारीक लाल मातीचा थर बसतो. तो वाळला की चिरेबंदी अंगणासारखा घट्ट होतो आणि त्यात भाताचा तरवा मूळ धरत नाही.

मी ज्या शाळेतून निवृत्त झाले, त्या शाळेला एका खाण कंपनीने पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले आणि त्याची नोंद उद्दिष्ट ६ खाली झाली. त्याच पावसाळ्यात शाळेखालच्या वाडीतील विहिरीला तांबडे पाणी आले. वाडीतील एक वयस्क बाई मला येऊन म्हणाल्या, “बाईनू, बावडेचा पाणी तांबडा झाला, ह्या आता खंय सांगूचा?” मी त्यांच्याबरोबर दोन कार्यालयांत गेले. पाण्याचा नमुना घेतला गेला. त्याचा निकाल वाडीला कोणी कळवला नाही. यंत्राचे छायाचित्र छापले गेले आणि विहीर अहवालात आलीच नाही, ही गोष्ट मी अजून विसरू शकलेले नाही.

जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीलगतचा डोंगराचा भाग खचला आणि खड्ड्यात साठलेले चिखलाचे पाणी घरांत आणि बागायतीत शिरले. ज्यांनी ते दृश्य पाहिले, त्यांना खाणीतील पाण्याचे व्यवस्थापन हा कागदावरचा विषय वाटणार नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलमधील ब्रुमादिन्यो येथे, २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या खाणीतील गाळाचे धरण फुटले आणि २७० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये अशा गाळधरणांसाठी जागतिक मानक तयार झाले. आमच्याकडचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे: मातीचे उंच ढिगारे, पाण्याने भरलेले खड्डे आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस. तरीही त्या मानकातील एक तत्त्व येथे तसेच लागू पडते, ते म्हणजे धोक्याच्या खाली राहणाऱ्या लोकांना त्या धोक्याची माहिती आधी मिळाली पाहिजे. आमच्या व्हाळाच्या वर किती पाणी कोणत्या बांधाने अडवले आहे, हे जूनच्या आधी ग्रामसभेत सांगणे कोणत्याही कंपनीला कठीण नाही.

आता मातीविषयी. शेजारच्या गोव्यात एक टन लोहखनिज काढण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागल्याचे सांगितले जाते. हा ढीग कसा रचला जातो, यावर खालच्या गावाचे पुढील पन्नास पावसाळे अवलंबून असतात. सुपीक वरची माती वेगळी साठवून नंतर पुन्हा पसरणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ढिगाला पायऱ्या देणे, पायथ्याशी दगडी भिंत बांधणे, गाळ बसवण्याची तळी खोदणे, उतारांवर काथ्याची जाळी अंथरून त्यात गवत आणि वाळा लावणे, हे सर्व करता येते. काथ्या तर आमच्या नारळांचाच आहे. या जाळ्या वेंगुर्ले-मालवणकडच्या महिला गटांकडून विणून घेतल्या, तर उद्दिष्ट १५ बरोबर स्त्री-पुरुष समानतेचे उद्दिष्ट ५ आणि रोजगाराचे उद्दिष्ट ८ यांनाही खरी मदत होईल. अहवालांत मात्र रोपांची संख्या असते, जाती नसतात. खाणींच्या ढिगाऱ्यांवर वर्षानुवर्षे ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला, कारण तो लवकर वाढतो आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या पानांच्या जाड थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. किंजळ, ऐन, कुंभा, जांभूळ, करवंद यांची शंभर झाडे पाच वर्षांनी जिवंत दिसली, तर मला ती दहा हजार रोपांच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाची वाटतील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती गुरांच्या व वन्यजीवांच्या चाऱ्यायोग्य करण्याची अट घालण्यास सांगितले, तेही याच विचाराने.

पैशाच्या बाबतीत एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. याखेरीज २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्यात जुन्या खाणपट्ट्यांच्या धारकांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के इतकी रक्कम द्यावी लागते, आणि ती खाणबाधित लोकांसाठीच आहे. हा बाधितांचा हक्क आहे, कोणाचे दान नव्हे. कायद्याने जे करणे भागच आहे, ते सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असेही नियम सांगतात. त्यामुळे गाळाचे तळे, संरक्षक भिंत, खाण बंद करण्याची तरतूद या गोष्टींचे छायाचित्र अहवालात येत नाही आणि शिबिराचे येते. माझ्या मते नेमका हाच क्रम उलटला पाहिजे.

गोव्यातील खाणींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि लोहखनिजाच्या विक्रीमूल्याचा १० टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. खनिज एकदाच निघते. आंब्याचे झाड पुढच्या वर्षी पुन्हा मोहरते, खाण मोहरत नाही. म्हणून खनिजाचा पैसा हे उत्पन्न नसून विकलेली मालमत्ता आहे, आणि घरातील सोने मोडल्यावर आपण जसा विचार करतो, तसा विचार त्याबाबत केला पाहिजे.

रोजगाराचा मुद्दा मी हलका मानत नाही. गणपतीला आणि शिमग्याला भरणारी आणि एरवी कुलूपबंद असणारी घरे प्रत्येक वाडीत आहेत. मुलगा डंपर चालवून का होईना, घरी राहतो, हे आईबापांसाठी लहान सुख नाही. पण उद्दिष्ट ८ मध्ये नुसते काम नाही, सन्मानाचे आणि सुरक्षित काम आहे. सिलिका वाळूच्या कामावरील मजुराच्या फुप्फुसांची तपासणी दरवर्षी होते का, कंत्राटी कामगाराला तिचा अहवाल हातात मिळतो का, हे आकडे अहवालात असावेत.

मी खाणींच्या सरसकट विरोधात नाही. कोकण रेल्वेचे रूळ लोखंडाचेच आहेत आणि ते लोखंड कोणत्या तरी गावाच्या डोंगरातून आलेले आहे, याची मला जाणीव आहे. मात्र काही ठिकाणी खाण न काढणे हाच उद्दिष्टांना हातभार असतो. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे मायरिस्टिका जातीच्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल एका देवराईमुळे टिकून आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या जंगलपट्ट्यातून वाघ ये-जा करतात. खाण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्येच जागतिक वारसा स्थळांत खाणकाम न करण्याचे वचन दिले. म्हणजे ‘येथे नको’ म्हणणे हे उद्योगालाही अपरिचित नाही. ते आमच्या देवराया आणि झऱ्यांच्या बाबतीतही म्हणता आले पाहिजे.

लक्ष्य ६.ख पाण्याच्या व्यवस्थापनात स्थानिक लोकांचा सहभाग वाढवण्यास सांगते. या मे महिन्यात माझे काही माजी विद्यार्थी आणि मी, खाणीखालच्या तीन वाड्यांतील विहिरींची पाण्याची पातळी गाठी मारलेल्या दोरीने मोजली. दसऱ्यानंतर पुन्हा मोजणार आहोत. तारीख, वार, विहिरीचा धनी आणि पाण्यापर्यंतची खोली, एवढ्याच चार रकान्यांची ती वही आहे. तिची प्रत मी कंपनीच्या कार्यालयात दिली आहे आणि सोबत पत्रही दिले आहे: खड्ड्याची खोली आणि दररोजचा उपसा यांचे आपले आकडे या रकान्यांशेजारी लिहावेत, आणि पुढील अहवालात उद्दिष्ट ६ च्या निळ्या चौकोनाखाली हे पान मराठीत छापावे. पत्राची पोच मिळाली आहे. उत्तर आले की येथेच कळवीन.