‘डिस्लेक्सियाची टेस्ट करू नका’ या मेसेजला माझं उत्तर

कोल्हापुरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे डिस्लेक्सिया (म्हणजे पोरगं हुशार असूनही वाचन-लेखनात अडणं) हे नवीन फॅड आहे, मराठी माध्यमाच्या पोरांना ते होतच नाही, टेस्ट केली की पोरावर कायमचा शिक्का बसतो, मोठं झालं की आपोआप सुटतं, आणि मोठ्या माणसांची तर टेस्टच नसते. मी वाचन-लेखनात अडणाऱ्या पोरांना शिकवते, आणि हे वाचून एका आईनं ठरलेली अपॉइंटमेंट रद्द केली म्हणून एकेक मुद्दा घेते.

फॅडचं आधी संपवू. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १४ वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहून ठेवलंय, बाकी सगळ्यात चुणचुणीत पण वाचन काही जमेना. आणि आपलं महाराष्ट्र सरकार तर अशा मुलांना परीक्षेत सवलत देणारं देशातलं पहिलं, तेही १९९६ सालीच.

आता मराठी माध्यमाचं. हे लोकांना लगेच पटतं कारण आपण जसं बोलतो तसंच लिहितो, इंग्लिशसारखी स्पेलिंगची भानगड नाही. पण डिस्लेक्सियात मूळ अडचण असते आवाज सुटे करणं आणि ते अक्षराशी जोडणं, आणि ती कुठल्याही भाषेत येतेच, फक्त दिसते वेगळी. मराठीत पोरगं वाचतं बरोबर पण इतकं हळू की ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतं, जोडाक्षर आलं की थांबतं, रफार खातं, ध आणि घ, भ आणि म यांत गोंधळतं, वेलांटी उलटी देतं. शिवाय हुशार पोरं हे झाकतात ओ! केएमटी बसच्या बोर्डावर ‘रंकाळा’ दिसलं की धडाधड म्हणतात, कारण तो शब्द चित्रासारखा पाठ असतो, पण तीच अक्षरं उलटी करून ‘ळाकारं’ लिहून दिलं की अडकतात. म्हणूनच टेस्टमध्ये बिनअर्थाचे शब्द मुद्दाम वाचायला देतात, तिथं अंदाज चालत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी बनवलीय, ती मराठीतही आहे. मराठीत डिस्लेक्सिया नसता तर मराठी चाचणी कशाला काढली असती?

शिक्क्याची भीती मला समजते, आईबापाचा जीव आहे तो. पण शिक्का आधीच बसलेला असतो ना, ढ, आळशी, मुद्दाम करतंय! तो शिक्का पुसायचाय. टेस्टला जाताना आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित, आणि शाळेच्या वह्या बघतात. बुद्ध्यांकाचं नाव काढलं की पालक दचकतात, पण सरकारच्या २०१८ च्या नियमात तो ८५ च्या वर असेल तरच पुढची टेस्ट करायची असं होतं, म्हणजे पोरगं हुशार असून अडतंय हेच त्यातून बाहेर येतं. आणि रिपोर्ट तुमच्या हातात असतो, सरकारी सर्टिफिकेट काढायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. काढलं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे मिळू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे आलंय आणि अशी मुलं लवकर ओळखायची जबाबदारी त्यात शाळांवरही टाकलीय, हे शाळेत जाऊन ठामपणे सांगा.

आपोआप सुटतं? नाही सुटत. यात खरं एवढंच की पहिली-दुसरीत पक्कं सांगता येत नाही, २०१८ च्या नियमातही शाळेची पहिली चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी धरली होती. पण तोवर मदत थांबवायची नसते, आवाज-अक्षरांचा सराव पहिलीतच सुरू करता येतो. रंगीत चष्मे विकणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका, त्यानं वाचन सुधारतं याला आधार नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच हे स्पष्ट केलंय.

शेवटचा मुद्दा मोठ्यांचा, आणि हा सगळ्यात चुकीचा. डिस्लेक्सिया घराण्यात चालतो, त्यामुळे पोराच्या टेस्टवेळी ‘घरात अजून कुणाला?’ असं विचारलं की कितीदा बापच हळूच सांगतो की मलापण फॉर्म वाचायला लागला की घाम फुटतो. शिरोली एमआयडीसीत मशीन डोळे मिटून चालवणारा माणूस, पण नोटीस बायकोकडून वाचून घेतो. अशा माणसाची टेस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्रीय तपासणी करणारा तज्ज्ञ, करू शकतो, जुनी मार्कशीटं, शाळेतल्या आठवणी, वाचनाचा वेग सगळं बघतो. २०१८ च्या नियमात मुलांना १४ व्या आणि १८ व्या वर्षी परत तपासायचं होतं आणि १८ व्या वर्षीचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालणार होतं, म्हणजे मोठेपणीही हे राहतं असं सरकारच धरून चाललंय.

खासगी रिपोर्ट समजून घ्यायला आणि शिकवायला उपयोगी, पण बोर्डाच्या सवलतीला सरकारी सर्टिफिकेट लागतं, म्हणून पैसे भरायच्या आधी सीपीआर या सरकारी दवाखान्यात आणि शाळेत दोन्हीकडं विचारा, आणि जाताना पोराच्या जुन्या वह्या घेऊन जा, फेअर नको, रफ वह्या न्या, चुका त्यातच खऱ्या दिसतात.