मेनफ्रेमसाठी लिनक्स कसे निवडावे

आपल्या संस्थेने मेनफ्रेम, म्हणजे आयबीएमचा अवाढव्य मध्यवर्ती संगणक, घेतलेच आहे, तर त्यावर कोणते लिनक्स चालवावे हे ठरवण्यासाठी सर्वप्रथम एक समिती नेमावी. सूझे, रेड हॅट आणि उबुंटू असे उमेदवार तीनच असल्यामुळे समितीने किमान सहा महिने घ्यावेत. त्याहून लवकर निर्णय झाला, तर लेखापरीक्षकांना उगाच संशय येतो.

तिघांच्या पोटात कर्नल (प्रणालीचा गाभा) लिनक्सचाच असतो आणि त्यातला मेनफ्रेमपुरता भाग मुख्यतः आयबीएमचेच अभियंते लिहितात, ही माहिती समितीच्या कानावर जाऊ देऊ नये. चर्चा घराण्याची करावी. सूझेने २००० साली या यंत्रासाठी व्यावसायिक लिनक्स आणले, हे ज्येष्ठत्व आदराने नोंदवावे. मग २००४ मध्ये नोव्हेल, २०११ मध्ये अटॅचमेट, २०१४ मध्ये मायक्रो फोकस आणि २०१९ मध्ये ईक्यूटी अशा चार कंपन्यांच्या घरी ते दत्तक गेले, म्हणून नाक मुरडावे. रेड हॅटला २०१९ मध्ये खुद्द आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून घरात घेतले, तेव्हा तिघांत सरस कोण, हे आयबीएमच्याच विक्री प्रतिनिधीला विचारावे. इतका तटस्थ माणूस शोधून सापडणार नाही. उबुंटू या पंगतीत २०१६ मध्ये बसले, म्हणजे कालचे पोर.

आपले यंत्र झेड१३ या जुन्या पिढीतले असेल, तर रेड हॅटची नववी आवृत्ती त्यावर चालणारच नाही, कारण तिला किमान त्यापुढची पिढी, झेड१४, लागते. ही बाब परिशिष्टात टाकावी. पहिल्या पानावर आली, तर उरलेला अहवाल वाचणार कोण?

प्रात्यक्षिक मात्र जरूर मागावे. झेडव्हीएममध्ये (एका मेनफ्रेमचे अनेक आभासी संगणक करणाऱ्या प्रणालीत) स्थापना करताना कर्नल आणि त्याच्या सोबतच्या फायली ८० बाइटांच्या नोंदी करून आभासी पंचकार्ड रीडरमध्ये (भोके पाडलेली कार्डे वाचणाऱ्या जुन्या यंत्राच्या नकलेत) ढकलतात आणि 'आयपीएल ००सी' (म्हणजे 'त्या रीडरवरून सुरू हो') अशी आज्ञा देऊन, अस्तित्वातच नसलेल्या त्या कार्डांवरून लिनक्स उठवतात. कार्डे पाठवताना 'नोहेडर' लिहायचे राहिले, की फायलीच्या नावाचे एक जादा कार्ड पुढे घुसते आणि लिनक्स काही केल्या उठत नाही. ही चूक तिन्हींच्या बाबतीत सारख्याच सहजतेने करता येते. तरीही ज्याचा अभियंता त्या दिवशी विसरेल, त्याचे गुण निर्दयपणे कापावेत.

अहवालावर सह्या झाल्या, की डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंना बोलवावे, ज्यांना समितीत घ्यायचे अनवधानाने राहून गेले. आपला डेटाबेस ज्या कंपनीचा, त्या ओरॅकलच्या प्रमाणित यादीत मेनफ्रेमसाठी रेड हॅट आणि सूझे एवढीच नावे आहेत, आणि चाचणीच्या यंत्रावर आपण चार वर्षांपासून सूझेच चालवत आहोत, असे त्या सांगतील.