नंबर जुळले म्हणजे गाडी ‘एसएस’ ठरत नाही

‘रिस्टोअर केलेली अमेरिकन मसल कार घेताना फसवणूक टाळण्याचे पाच खात्रीचे नियम’ अशा मथळ्याचा एक मराठी संदेश अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये फिरतो आहे. मसल कार म्हणजे साधारण १९६०-७० च्या दशकांतली ताकदवान इंजिनाची गाडी, आणि रिस्टोअर करणे म्हणजे तिला पुन्हा मूळ रूपात आणणे. मिशिगनला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने त्याच्या भरवशावर १९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेल एसएससाठी (एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’, शेव्हेलची जोरकस आणि महाग आवृत्ती) विसार द्यायची तयारी केली. मी शंका काढली, तेव्हा ‘भाऊजी, पाचही नियम तपासले आहेत’ असे ऐकवून त्याने तोच संदेश मला पाठवला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: व्हिन नंबर (गाडीचा ओळख-क्रमांक) आणि इंजिनावरचा नंबर जुळला की गाडी अस्सल, लोहचुंबक सगळीकडे चिकटला की पत्रा मूळचा, रिस्टोरेशनची बिले आणि फोटो असले की वेगळी तपासणी नको, टायटल (मालकीचा सरकारी कागद) स्वच्छ असले की मालकीचा प्रश्न मिटला, आणि अशा गाडीचा भाव कधीच उतरत नाही, तेव्हा थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

यातला पहिला नियम सर्वांत घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे आणि ऐकायला तांत्रिक वाटतो. सतरा अक्षर-अंकांचा प्रमाणित व्हिन नंबर अमेरिकेत १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती आणि १९७० च्या सुमारास जनरल मोटर्सचा नंबर तेरा स्थानांचा असे. १९७० च्या शेव्हेल मालिबूच्या (मालिबू म्हणजे शेव्हेलचा नेहमीचा प्रकार) नंबराची सुरुवात १३६३७० अशी होते. त्यातला १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूपे आणि ० म्हणजे १९७० हे मॉडेल वर्ष. पुढे कारखान्याचे एक अक्षर, उदाहरणार्थ बाल्टिमोरसाठी बी, आणि शेवटी सहा आकडी क्रमांक. ‘एसएस’चा या नंबरात उल्लेख नाही आणि इंजिन कोणते याचाही नाही, कळते ते एवढेच की ते व्ही-८ होते.

याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. जनरल मोटर्सच्या हेरिटेज विभागाने जुन्या मॉडेलांच्या वर्षवार माहिती-पुस्तिका विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. १९७० च्या शेव्हेलची पुस्तिका उघडावी. एसएस ही त्या वर्षी वेगळी मालिका नसून मालिबूवर पैसे भरून घ्यायचे एक पॅकेज होते: झेड२५ या संकेताने एसएस ३९६ आणि झेड१५ या संकेताने एसएस ४५४. म्हणजे २०० अश्वशक्तीचे ३०७ घन इंचांचे इंजिन घेऊन बाजारहाटासाठी विकली गेलेली साधी मालिबू आणि ४५० अश्वशक्तीची एलएस६ इंजिनाची एसएस ४५४, या दोन्ही कूपेंचे नंबर १३६३७० नेच सुरू होतात. ज्या नंबरात हा फरक नोंदलेलाच नाही, तो नंबर ‘तपासून’ माझ्या मेव्हण्याने नेमके काय तपासले?

हा नियम कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो, आणि तेवढे श्रेय संदेशकर्त्याला नाइलाजाने द्यावे लागते. १९६६ ते १९६८ या काळात एसएस ३९६ ही खरोखरच स्वतंत्र मालिका होती आणि तिचा नंबर १३८ ने सुरू होत असे. पॉन्टिअॅक जीटीओचाही १९६६ ते १९७१ चा नंबर २४२ ने सुरू होतो. १९७२ पासून शेव्हरोलेच्या नंबरातले पाचवे स्थान इंजिन सांगते, आणि डॉज व प्लिमथच्या त्या काळातल्या गाड्यांतही पाचव्या स्थानावरून इंजिन ओळखता येते. कुणीतरी यांतल्या एखाद्या गाडीचा अनुभव उचलला आणि सरसकट सगळ्यांना लावला.

आता ‘इंजिन जुळते’ या भागाकडे येऊ. १९७० च्या शेव्हरोले व्ही-८ इंजिनावर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन-जुळणीची तारीख, इंजिनाचा प्रकार सांगणारा तीन अक्षरी संकेत आणि गाडीच्या व्हिन नंबराचा काही भाग ठोकलेला असतो. तो जुळणे ही चांगली गोष्ट आहे, हे मान्य. परंतु ही पट्टी घासून सपाट करून तिच्यावर हवा तो नंबर नव्याने ठोकणे हा या बाजारातला जुना उद्योग आहे. कारखान्यात ही जागा ज्या यंत्राने सपाट होई, त्याच्या बारीक समांतर रेषा पुढून मागे गेलेल्या दिसतात. त्या नसतील किंवा अक्षरांची ठेवण वेगळी असेल, तर तिथेच थांबावे. त्यानंतर ब्लॉकवर ओतकामाच्या वेळीच उमटलेली तारीख पाहावी. तिच्यात ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी अशी महिन्याची अक्षरे असतात. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडीची बांधणी, हा क्रम उलटा निघाला तर विक्रेत्याची कहाणी खोटी आहे. आणि हे सगळे बरोबर निघाले तरी नुसत्या नंबर जुळण्याने सिद्ध होते ते इतकेच की इंजिन याच गाडीचे आहे; ते कोणते, हे तीन अक्षरी संकेतावरून वेगळे पाहावे लागते.

एसएस निःसंशय सिद्ध करायला त्या काळचा कागद लागतो. कारखान्यातली बिल्ड शीट, म्हणजे गाडी बांधताना काय काय बसवायचे याची यादी लागते, जी पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये सापडते. किंवा मूळ खरेदीचे बिल, किंवा वॉरंटी पुस्तिकेतली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ ही धातूची पट्टी. यांच्याही नकला निघतात, म्हणून कागद जाणकाराला दाखवावा. पॉन्टिअॅकवाले या बाबतीत भाग्यवान आहेत, कारण त्यांना पीएचएस (पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मिळते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला त्या गाडीचा अहवाल आहे. शेव्हरोलेच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांची अशी नंबरवार नोंद मिळत नाही. गंमत अशी की कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नोंदी तिथल्या जनरल मोटर्सने जपल्या, त्यामुळे मूळची कॅनडातली शेव्हेल कागदोपत्री पुष्कळदा जास्त भरवशाची ठरते.

लोहचुंबक जरूर न्यावा, फुकटचे हत्यार आहे. मात्र पुट्टीचा पातळ थर असला तर तो त्यावरूनही चिकटतो. उलट, छत आणि मागचे क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) जिथे जुळतात तिथे कारखान्यातच शिसे भरलेले असे, त्यामुळे निर्दोष गाडीतही तो तिथे सैल पडू शकतो. रंगाची जाडी मोजणारे मीटर घ्यावे. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, रिस्टोअर केलेल्या गाडीवर त्याहून जाड असणारच. पाहायचे ते हे की एकाच पॅनेलवर आकडा अचानक कितीतरी पटींनी चढतो का. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी लिफ्टवर चढवावी. शेव्हेलचा गंज मागच्या काचेच्या खाचेत, डिकीच्या तळाशी आणि मागच्या अॅक्सलवर कमानीसारख्या वळणाऱ्या चासीत बसतो. खालून नुकतेच जाडसर काळे अंडरकोटिंग फासलेले दिसले, तर त्याखाली काय झाकले आहे हे विचारलेच पाहिजे.

बिलांविषयी एवढेच सांगतो की पैसे खर्च झाले हे बिलाने कळते, काम कसे झाले ते कळत नाही. फोटोंपैकी कामाचे फक्त रंगाच्या आधीचे, उघड्या पत्र्याचे. चकचकीत रंगाचे शंभर फोटो पाहून काही हाती लागत नाही.

टायटलचा नियम तर हास्यास्पद आहे. अलाबामात ३५ वर्षांहून जुन्या गाडीला टायटलची गरजच नाही, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्यामुळे संशयास्पद जुनी गाडी सैल नियमांच्या राज्यातून फिरवून तिला स्वच्छ कागद मिळवता येऊ शकतात. डॅशबोर्डवरची व्हिन पट्टी फुलासारख्या डोक्याच्या रिव्हेटांनी बसवलेली आहे का, आणि चासीवर दडलेल्या जागी ठोकलेला नंबर तिच्याशी जुळतो का, हे पाहावे. या पट्टीशी छेडछाड हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, आणि गाडी जप्त झाली तर भोगायचे घेणाऱ्यालाच.

भाव उतरत नाही म्हणणाऱ्याने २००८ च्या मंदीनंतरची वर्षे पाहिलेली नाहीत. तेव्हा मसल कारचे भाव चांगलेच खाली आले होते.

मालिबूची एसएस करून घेतलेली गाडी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. काम नीट असेल आणि विक्रेता उघडपणे ‘क्लोन’ म्हणून विकत असेल, तर ती रोज चालवायला अस्सल गाडीइतकीच मजा देते आणि पार्किंगमध्ये ओरखडा पडला तर छातीत धस्स होत नाही. मेव्हण्याला मी कळवले आहे की विसार देण्याआधी शेव्हेलच जाणणाऱ्या आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तपासनिसाला पैसे देऊन गाडी दाखव. बिल्ड शीट किंवा तसा दुसरा मूळ कागद निघाला नाही, तर विक्रेता काहीही सांगो, मालिबूचा भाव आणि झालेल्या कामाची रास्त किंमत याच्या वर एक डॉलरही बोलू नकोस.